थोरलं दार

रहबा
१७ जमादिलावल १३८२

दाजी हिझाम बिन सालेह यांना मेव्हणा मुक्बिल बिन नाजीचा सलाम.

आम्ही इथे सुखरूप आहोत. बायकोचे, घालियाचे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही. ज्वारी खळ्यावर आली आहे, दाणा बरा भरलाय. ताकियाने मागितलेली मेथी या माणसाबरोबरच पाठवतोय. भावाची आठवण फक्त मेथी संपल्यावर येते का, एवढं तिला माझ्या वतीने विचारा. तुमच्या सलामा आईच्या गुडघ्यांना माझे ओठ लावा आणि सांगा की मुक्बिल अजून हडकुळाच आहे, तिने काळजी करायला हरकत नाही.

आता कामाचं. दाजी, मंगळवारी तुम्ही का आला नाहीत?

मुनीफ गावची अकरा माणसं माझ्या बैठकीत दुपारभर बसली होती. जेवली, गातचा पाला चघळला, कॉफीच्या सालांच्या काढ्याची दोन भांडी रिकामी केली आणि दाराकडे बघत राहिली. त्यांच्या म्हाताऱ्या दुगैशने तीनदा विचारलं, "मुक्बिल, तुझा दाजी वाटेत मेला की काय?" तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मेला असता तर बरं झालं असतं, कारण तरी सांगता आलं असतं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. लवाद मी आहे. दोन्ही गावांनी मला नेमलंय आणि लाज माझी गेली.

संध्याकाळी तुमचा निरोप आला: "सरकार कोणाचं ते आधी ठरू द्या, मग दगडाचं बघू."

वा! दाजी, तो दगड तुमच्या आजोबांच्या आधीपासून ओढ्याच्या तोंडाशी आहे. पावसाचं निम्मं पाणी त्याच्या डावीकडून तुमच्या टाक्यात जातं, निम्मं उजवीकडून मुनीफच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात. इतके इमाम आले नि गेले, तुर्क आले नि गेले, दगडाने कुणालाही विचारलं नाही. यंदाच्या लोंढ्यात तो हातभर सरकला. मुनीफवाले म्हणतात तुमच्या कौला गावाने सरकवला, तुम्ही म्हणता पाण्याने सरकवला. त्यावरून त्यांच्या एकाचं डोकं फुटलं. माझं काम एवढंच, की दोघांना समोरासमोर बसवायचं, डोक्याची भरपाई ठरवायची आणि दगड जागेवर ठेवायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे हो!

तुमच्या पाच आणि त्यांच्या पाच, अशा दहा बंदुका तारण म्हणून माझ्या धान्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. घालिया येता-जाता अडखळते आणि मला बोलते. तुमच्या गावात सगळ्या मिळून बंदुका सात. म्हणजे निवाडा होईपर्यंत तुम्ही भांडायचं म्हटलं तरी दोघांनीच भांडायचं. आपल्या वाडवडिलांना अक्कल होती. ती नेमकी आपल्या पिढीत का संपावी, हे मला कळत नाही.

इमामाची गादी गेली याचा आनंद मलाही आहे. रेडिओ त्याला प्रजासत्ताक म्हणो की आणखी काही, ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी बकरा कापला. तुम्हीही कापलात असं ऐकलं. आपल्या बापांनी गप्प राहावं म्हणून ज्याच्या किल्ल्यात आपण दोघं पोरं चार वर्षं ओलीस राहिलो, एका बेडीत एक पाय तुमचा नि एक माझा, त्याचं राज्य गेलं आणि आपण बकरा कापायचा नाही? पण म्हणून टाक्याचं पाणी थांबतं का? बायका रोज घागरी घेऊन जातात, त्यांना काय सांगायचं, प्रजासत्ताक येऊ दे मग भरा?

माझ्या वडिलांच्या वेळीही तुमच्या गावाने असंच अंग चोरलं होतं. मग वडिलांनी काय केलं, ते तुम्हीच मला किल्ल्यात हसून हसून सांगायचात. त्यांनी बैल हाकत थेट बनी रिशाद टोळीच्या शेखच्या दारात नेला आणि उंबऱ्यावर कापला. दारात बैल पडला की त्या घराला नाही म्हणता येत नाही, आपलं गाऱ्हाणं त्यांचं होतं. चौथ्या दिवशी त्यांचे तीस म्हातारे कौलात येऊन बसले. भांडण नाही, आवाज नाही. नुसते बसले आणि जेवले. रोज दोन मेंढ्या. नवव्या दिवशी तुमचे वडील शरण आले आणि म्हणाले, "काय तो निवाडा करा, पण यांना उठवा."

मला त्या वाटेला लावू नका. बैल माझ्याकडे एकच आहे. येत्या मंगळवारी या.

तुमचा मेव्हणा आणि, नशीब माझं, तुमचा लवाद,
मुक्बिल


रहबा
५ रज्जब १३८२

दाजी, सलाम.

काय लिहावं ते सुचत नाही, आणि न लिहिणं बरं नाही.

विमानाने कौलावर तीन बॉम्ब टाकले, सहा माणसं गेली आणि त्यांत सलामा आई गेली, हे मला तिकडून आलेल्या एका गवंड्याने सांगितलं. टाक्याच्या काठावरच होती म्हणे, घागर घासत. मी ते ऐकलं आणि बराच वेळ त्यालाच विचारत राहिलो की घागर तांब्याची होती की मातीची. का विचारलं कोण जाणे. त्याला वाटलं असेल, याचं डोकं फिरलंय.

किल्ल्यातून सुटलो तेव्हा माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मला कुणी सांगितलंही नव्हतं. तुमच्या आईने आपल्या दोघांना अंगणात बसवून केस कापले, उवा जाळल्या आणि एका परातीत दोघांना उकड वाढली. मी जेवत नव्हतो. ती म्हणाली, "खा रे, तुझ्या आईने मला सांगून ठेवलंय." माझ्या आईने तिला काहीही सांगितलं नव्हतं, त्या दोघी आयुष्यात एकदाच भेटल्या होत्या. पण मी खाल्लं. अल्ला तिला जागा देवो.

दफनाला मला येता आलं नाही. घालियाचे गुडघे फार सुजले होते. शिवाय वाटही बंद असल्याचं कानावर आलं.

ताकियाचा हात मोडलाय तर तिला आणि मुलांना इकडे पाठवा. इथला हाडवैद्य चांगला आहे. तुम्ही स्वतः आता उत्तरेकडे, सौदी सरहद्दीजवळच्या गुहांमधून असता असं कळलं. उंटांवरून पेट्या येतात, पेट्यांत बंदुका येतात, बंदुकांबरोबर सोनं येतं आणि सोन्याबरोबर कागद येतो, की आम्ही इमामाचे. दाजी, तुम्ही इमामाचे? तुमच्या घोट्यावरचा बेडीचा वण गेला का? माझा तर आहे तिथेच आहे.

मुनीफवाल्यांनाही प्रजासत्ताकाच्या मदतीला कैरोहून आलेल्या मिसरी फौजेने बंदुका दिल्यात. परवा दुगैशचा पुतण्या खांद्यावर नवी कोरी मिसरी बंदूक टाकून माझ्या दारावरून गेला. मी म्हणालो, "अरे, तुमच्या पाच अजून माझ्याकडे तारण आहेत, निवाडा व्हायचाय." तो म्हणाला, "असू देत, काका. मेथी वाळत घालायला काठ्या झाल्या तुम्हाला." आणि हसत निघून गेला. माझ्या तोंडावर! तारणाला आता अर्थ काय उरला सांगा. ज्याची एकच बंदूक आहे त्याने ती माझ्याकडे ठेवली, तर तो शब्दाला बांधला जातो. ज्याला महिन्याला चार फुकट मिळतात, तो कशाला बांधला जाईल? मी दहा लोखंडी काठ्यांचा राखणदार झालोय.

घाटात त्या मिसरी फौजेचा तंबू आहे. तिथला कप्तान वजीह माझ्या थोडा ओळखीचा झालाय. एकदोनदा काही कामाने गेलो होतो. माणूस वाईट नाही. नाईलच्या काठचा, थंडीने पाय सुजलेले, सारखा घरच्या माशांची आठवण काढतो. त्याच्याकडे नकाशा आहे. भेटेल त्याला विचारतो, "हे गाव आपलं की त्यांचं?" मी एकदा म्हणालो, "साहेब, गाव गावाचंच असतं." त्याला ते पटलं नाही.

तुम्ही लिहिलंत, की विमान कुणी बोलावलं ते शोधून काढणार. मुनीफवर एकही बॉम्ब पडला नाही हे तुमच्या ध्यानात आलंय, तेही लिहिलंत. मी मुनीफवाल्यांबद्दल काय बोलणार? ते तुमचे वैरी, तुम्हाला जास्त ठाऊक. पण दगडाचा निवाडा अजून झालेला नाही हे विसरू नका.

थंडी फार आहे. जपून राहा.

मुक्बिल


रहबा
२० शाबान १३८२

हिझाम,

आज दाजी म्हणत नाही. किल्ल्यात म्हणायचो तसं म्हणतो, कारण जे लिहायचंय ते दाजीला लिहिता येणार नाही.

आधी खुशाली. ताकिया आणि तिन्ही मुलं माझ्याकडे येऊन महिना झाला. हात सांधलाय, बोटं मात्र नीट मिटत नाहीत. धाकटा विमानाचा आवाज काढून दाखवतो आणि मग स्वतःच पळत जाऊन कणगीमागे बसतो. ताकिया एका हाताने भाकऱ्या थापते. घालियाने सांगितलं, "बाई, राहू दे, मी करते." ती ऐकत नाही. म्हणते, भावाचं अन्न फुकट खाणार नाही.

रोज सकाळी भाकरी तंदूरच्या भिंतीला मारताना ती शिव्या देते. "ज्याने ते विमान बोलावलं त्याच्या घरावर दिवा न लागो. त्याची जीभ झडो. मुनीफच्या म्हाताऱ्या, तुझा जनाजा उचलायला माणूस न मिळो." मग ती भाकरी काढते, फुंकर घालते आणि पहिली माझ्यापुढे ठेवते.

मी ती भाकरी महिनाभर खाल्ली, हिझाम.

काल दुगैश माझ्याकडे आला होता. एकटा, शरण आल्यासारखं डोक्यावरचं कापड गळ्यात घेऊन. बाजारात तुझा निरोप त्याच्या कानावर आलाय, की रमजान लागायच्या आत कौलाची माणसं नवी तोफ घेऊन मुनीफवर उतरणार. म्हातारा म्हणाला, "मुक्बिल, तू लवाद आहेस. मी तुझ्यासमोर शपथ घेतो. दगड आम्ही ढकलला नाही असं मी म्हणणार नाही, त्या रात्री माझी पोरं कुठे होती मला ठाऊक नाही. पण विमान आम्ही नाही बोलावलं. आम्हाला विमान बोलावता येतं का? आम्हाला साधा बाजारातला खाटीक बोलावून येत नाही." मला म्हणाला, "तू त्याला सांग. तुझं तो ऐकेल." मी त्याला काढा दिला आणि म्हणालो, बघतो. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं. तो गेल्यावर ताकिया आतून म्हणाली, "त्याला काढा कशाला दिलास?"

सांगतो आता. लांबवून उपयोग नाही.

माझ्या पहिल्या पत्रानंतरच्या मंगळवारीही तू आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी मुनीफची माणसं जेवायलासुद्धा थांबली नाहीत. बाजारात लोक मला विचारायला लागले, "काय लवाद, निवाडा पिकतोय की अजून कच्चाच आहे?" हिझाम, मला तुझा असा राग आला होता! बायकोचा भाऊ आहे, काय करणार, वाट बघेल, असं तू धरून चाललास. मला वाटलं, दाखवतोच याला.

मी बैल काढला.

बनी रिशादकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्यांचा शेख राजधानीत जाऊन बसलाय आणि त्याची माणसं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. त्या आठवड्यात घाटातल्या त्या तंबूपेक्षा थोरलं दार आसपास नव्हतं. म्हणून मी तिकडे गेलो. दोन शेजारी बरोबर घेतले, बैल कप्तानाच्या तंबूसमोर आडवा पाडला आणि बापाने केलं तसंच केलं. रक्त त्याच्या बुटांवर उडालं. तो दचकून मागे सरला, पिस्तुलाला हात घातला. मी म्हणालो, "घाबरू नका साहेब. तुमच्या दारात बैल पडलाय. माझं गाऱ्हाणं आता तुमचं."

तो खूश झाला. इतका खूश, की मला मिठी मारली. म्हणाला, "बोल, काय गाऱ्हाणं?"

"कौला ऐकत नाही."

"कोणाचं ऐकत नाही?"

"माझं. तीनदा बोलावलं, आले नाहीत."

"म्हणजे आपलं ऐकत नाहीत."

मी म्हणालो, "आता तुमच्या दारात बैल पडला, म्हणजे तुमचंही ऐकत नाहीत असंच झालं." हे मीच म्हणालो, हिझाम. आपल्याकडे असंच म्हणतात. बनी रिशादच्या दारात माझा बापही हेच म्हणाला असणार. दुसरं काय म्हणणार?

त्याने नकाशा आणला. "कौला कुठे?" मी बोट ठेवलं. वाचायला तुझ्याबरोबरच शिकलो ना, त्या किल्ल्यातल्या मौलवीची छडी खाऊन. त्या शिक्षणाचा असा उपयोग झाला. त्याने तिथे लाल गोल केला. मग विचारलं, "काय करू? जरा दहशत बसवू?"

मी म्हणालो, "हो साहेब. थोडी दहशत बसायलाच हवी."

माझ्या डोळ्यांसमोर काय होतं माहीत आहे? तीस म्हातारे. तुझ्या अंगणात रांगेने बसलेले, ढेकर देणारे, तुझ्या मेंढ्या खाणारे. तू वैतागून डोकं धरलेलं आणि आई आतून ओरडतेय, "हिझाम, जा रे बाबा त्या मुक्बिलकडे, माझी ज्वारी संपली!" मी घाटातून उतरताना एकटाच हसत होतो.

बैल त्यांच्या आचाऱ्याने भाजला. सैनिकांनी गाणी म्हटली. मला बसवून खाऊ घातलं. मी चार दिवस वाट बघितली, की माणसं कधी पाठवतोय. पाचव्या दिवशी सकाळी विमान आमच्या शेतावरून गेलं. मुलांनी हात हलवले. मीही वर बघितलं आणि म्हणालो, कुणाचं तरी नशीब फिरलं आज. मग तुमच्याकडून तो आवाज आला.

मी धावत घाटात गेलो. कप्तान चहा पीत होता. मला बघून उठला, हसला आणि म्हणाला, "झालं तुझं काम." माझ्यासाठी एक बंदूक काढून ठेवली होती. मी म्हणालो, "साहेब, मी माणसं मागितली होती. बसायला." त्याला कळेना. "कुठे बसायला?" मी त्याला तीस म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. मेंढ्यांची. नऊ दिवसांची. तो ऐकत राहिला, मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

आधी का नाही सांगितलं! आमच्याकडे हे दूध पिणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. दार थोरलं आहे एवढंच मी बघितलं. त्या घरात कोण राहतं, त्याचा बाप कोण, त्याच्या गावात बैल का कापतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याच्या गावात बैल लग्नात कापतात.

बंदूक मी घेतली नाही. पण त्याने मला शाबासकी दिली एवढं खरं, आणि ती मी परत करू शकलो नाही.

तुझाही राग आहे मला, तो लपवत नाही. सरकार ठरू द्या म्हणालास ते दगडासाठी नाही, वजन कुणीकडे पडतंय ते बघण्यासाठी. तू सौदींच्या दारात गेलास तेव्हा तूही त्यांना दगडाबद्दल काही बोलला नसशील. कौला इमामाची आहे, एवढंच बोललास. त्यांनीही लगेच पेट्या पाठवल्या. बाजारात काझी सांगत होता, पलीकडच्या खोऱ्यात एका लग्नाच्या मानपानावरून एक गाव कैरोचं झालंय आणि दुसरं रियाधचं. इथले म्हणतात हे युद्ध सौदींनी आणलं, तुम्ही म्हणता मिसरींनी आणलं. हिझाम, दोघांनाही वाटा ठाऊक नव्हत्या. वाटा आपण दाखवल्या. मी माझा राग घेऊन एकाकडे गेलो, तू तुझा घेऊन दुसऱ्याकडे. आता ते आपल्याला आपलीच नावं सांगतात.

पण आई माझ्यामुळे गेली. त्यात वाटणी नाही.

मागच्या पत्रात मी मुनीफबद्दल गुळमुळीत लिहिलं. तू त्यांच्यावर संशय धरलास आणि मी तो धरू दिला. विमान अजाणता आलं असं म्हणता येईल. ते पत्र मी जाणूनबुजून लिहिलं. त्याची लाज मला जास्त आहे.

म्हणून हे मागतो. मुनीफवर उतरू नकोस. दुगैशच्या घरात चौदा पोरं आहेत, मी मोजली आहेत. तुला रक्त हवं असेल तर ते तिथे नाही. मुनीफला जायची वाट आमच्या खळ्यावरून जाते. रमजान लागेपर्यंत मी रोज दुपारी खळ्यावर बसणार आहे, कमरेला जंबिया न बांधता. घालियाला वाटतं मला ऊन हवंय. तोफ घेऊन आलास तर आधी मी लागेन. तिथे जे करायचं ते कर आणि परत फीर. माझ्या बाजूने कुणी बदला घेणार नाही. तसा शब्द मी माझ्या दोन्ही भावांकडून साक्षीदारांसमोर घेतलाय.

इथवर लिहून झाल्यावर मी हे ताकियाला वाचून दाखवलं. तिच्यापासून लपवून तुला पाठवणं मला जमेना.

ती पीठ मळत होती. पत्रात बैल आला तेव्हा हात थांबला. संपल्यावर तिने विचारलं, "सलामा आईला हे कळलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

"तेवढं बरं झालं."

मग म्हणाली, "हे कोण नेणार? घाटात दोन्हीकडची पोरं बसलीत, पुरुष दिसला की गोळी घालतात."

मी म्हणालो, "बघतो कुणी मिळतं का."

"तुझं बघणं पुरे झालं. मी नेते. अजून तरी बाईवर कुणी बंदूक उचललेली नाही, खालून तरी."

मी म्हणालो, हात बरा होऊ दे, तीन दिवसांची चढण आहे. ती म्हणाली, "तू मला काही सांगू नकोस." तिने पीठ तसंच झाकून ठेवलं. आज तंदूर पेटला नाही.

आता ती दारात उभी आहे, डोक्यावर गाठोडं. मुलं इथेच ठेवून येते आहे. मी म्हणालो, मी बघेन त्यांच्याकडे. ती म्हणाली, "घालियाजवळ ठेवली आहेत. तुझ्याजवळ नाही."

कागद मागते आहे. देतो.

ज्याचा निवाडा आता तू करायचास, तो
मुक्बिल